पावतीवर नसलेला मिलिमीटर

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारनं कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत माफ केलं. तेव्हा आमच्याकडे जो वाद पेटला तो अजून धुमसतोय. गिरणीवाले म्हणतात, तुमच्या कापसात कचरा, तंतू आखूड, आम्ही बाहेरून आणणारच. शेतकऱ्यांचे पुढारी म्हणतात, आमचा कापूस हातानं वेचलेला, चोख. नास होतो तो जिनिंगमध्ये, सरकीपासून रुई वेगळी करतात तिथं. जिनिंगवाले म्हणतात, पाणी मारून आणि कवडी (किडका, डागाळलेला कापूस) मिसळून आणलेल्या मालाची आम्ही काय रेशमी रुई करायची? मग कुणीतरी अमेरिकेतल्या सॉ जिनचा, म्हणजे करवती दातांनी सरकी काढणाऱ्या यंत्राचा, व्हिडिओ पाठवतो, झगझगीत शेड, माणूस औषधालाही नाही, आणि खाली लिहितो, ‘आपण अजून रोलरवरच!’ परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर हा वाद इतक्यांदा ऐकलाय की कुणाच्या तोंडून पुढचं वाक्य कोणतं निघणार तेही आता मला सांगता येतं.

या वादात सगळेच थोडेथोडे खरे आहेत आणि सगळेच चुकीच्या जागी खणतायत. जिन तंतूच्या गुणवत्तेत कणभरही भर घालू शकत नाही. तंतूची लांबी, ताकद, तलमपणा हे सगळं झाडावर ठरतं: बियाण्यानं, पावसानं, जमिनीनं. जिनच्या हातात फक्त गमावणं असतं, कमी गमावायचं की जास्त एवढंच. आणि कमी गमावल्याचे पैसे आपल्या साखळीत शेतकऱ्याला मिळत नाहीत, वेचणाऱ्या बाईला मिळत नाहीत, जिनवरच्या फिटरला तर नाहीतच. असं असताना ‘कोणतं मशीन चांगलं’ यावर भांडणं म्हणजे गळकी घागर बाजूला ठेवून दोराच्या जातीवर चर्चा करणं.

तरी मशीनपासूनच सुरुवात करू, कारण भांडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते चालताना जवळून पाहिलेलं नसतं. मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये दोन हंगाम हिशेब लिहिलेत, तेवढ्या भांडवलावर सांगतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डबल रोलर जिन असतं. दोन रोलर, प्रत्येकाला दाबून बसवलेलं एक स्थिर पातं, आणि मधे सतत हलणारी दोन पाती. रोलरच्या खरबरीत अंगाला तंतू चिकटतात आणि स्थिर पात्याखालून ओढले जातात. सरकी त्या फटीत मावत नाही, ती अडते. हलतं पातं तिला टपली मारतं, तंतू सुटतो, सरकी खाली पडते. सरकीला तंतू जिथं जुळलेला असतो ती जागा तंतूच्या मानानं कमजोर असते, म्हणून तो बुडाशी सुटतो. हे सगळं नीट जुळलं तर! पात्यांचं अंतर चुकलं की सरकी फुटते, तिच्या सालीचे कण रुईत जातात आणि पुढे सुतात, कापडात, रंगाईत डाग होऊन उठतात. रोलर गुळगुळीत झाला की कापूस पात्यावरच घोटाळत राहतो, रगडला जातो, गुठळ्या पडतात. आणि कापूस फार कोरडा असला की तंतू बुडाशी सुटण्याऐवजी मधेच तुटतो. कापसाचा तंतू ओलाव्यानं मजबूत होतो, वाळला की ठिसूळ. रोलर जिनला साधारण 6 ते 8 टक्के ओलावा मानवतो. आता सांगा, होळीनंतर जालना-परभणीकडे, ओठ फुटावेत अशा हवेत, आवारात पडलेल्या ढिगाचा ओलावा कुठं असेल?

यावर उपाय आहे. जिनमध्ये जाणाऱ्या कापसाला एकसारखी दमट हवा देणारी यंत्रणा मिळते, काही ठिकाणी ती बसवलेलीही आहे. पण मी जे पाहिलं ते असं: संध्याकाळी एक पोरगा रबरी पाइप घेऊन ढिगावर चढायचा. वरचा थर चिंब, आतला कडकडीत. तंतू वाचवायला कुणी असं पाणी मारत नाही. पाइपातून पडत होतं ते वजन.

आमच्या जिनवरचा फिटर पन्नाशीचा, नांदेडकडचा. रोलरला हात लावायच्या आधी तो मशीनजवळ मिनिटभर नुसता उभा राहायचा, कान देऊन. एकदा दुपारी त्यानं मला बोलावलं. एकाच ढिगातला कापूस शेजारशेजारच्या दोन जिनांवर चालला होता. एकाच्या रोलरला आठवड्यापूर्वी नव्यानं खाचा मारल्या होत्या, दुसऱ्याच्या चामड्यावर आरशासारखी झिलई आली होती. त्यानं दोन्हींखालची चिमूट-चिमूट रुई घेतली, बोटांत धरून ओढली, जुळवली, पुन्हा ओढली, आणि तंतूंच्या दोन झालरी स्वतःच्या काळ्या पँटवर मांडीशी लावल्या. पहिलीची कडा कातरून काढल्यासारखी. दुसरीच्या बुडाशी आखूड तंतूंचा फुलोरा. ‘‘कापूस एकाच शेतकऱ्याचा हाये, सर,’’ तो म्हणाला, ‘‘पण मिलवाल्याला दोन गावचा वाटंल.’’ मी मालकांना सांगितलं. मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाले, ‘‘ऐन सीझनमध्ये मशीन बंद ठेवून खाचा मारू, पण त्याचा भाव कोण देतंय ते सांग.’’ मला सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला जरा उशिरानं दिलेलं उत्तर समजा.

आता सॉ जिन. त्याच्या बाजूचा मुद्दा कमकुवत नाही. करवतीसारख्या दातांच्या चकत्या वेगानं फिरतात, तंतू पकडून जाळीच्या फटींतून खेचून काढतात. एक डबल रोलर जिन तासाला ढोबळमानानं 50 ते 100 किलो रुई काढतं. सॉ जिन त्याच्या कित्येक पट. मजूर कमी, जागा कमी. मराठवाड्यात हंगामात माणूस मिळत नाही ही रड खरी आहे. निम्मा तालुका ऊसतोडीला गेलेला असतो. मग का नको? कारण त्या वेगाची किंमत तंतू चुकवतो. त्याच कापसाची रुई सॉ जिनवर साधारण एखाद मिलिमीटरनं आखूड येते, आखूड तंतूंचं प्रमाण आणि गुठळ्या वाढतात. आणि हे मी रोलरच्या प्रेमापोटी म्हणत नाही. अमेरिकन लोक स्वतः काय करतात ते पाहा: त्यांचा नेहमीचा अपलँड कापूस सॉ जिनवर जातो, पण लांब तंतूचा, महागडा पिमा कापूस ते रोलरवरच काढतात. जिथं मिलिमीटरला पैसे आहेत तिथं अमेरिकाही रोलरवर आहे. हे त्या व्हिडिओत नसतं.

इतिहासही हेच सांगतो. सरकी काढण्याची युक्ती आपल्याला परदेशातून आलेली नाही. आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत एका रोलरनं सरकी काढण्याचं साधन दिसतं, असं तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात. पुढे दोन लाटांची चरखी आली. एली व्हिटनीनं 1793 मध्ये तारेच्या दातांचं जिन काढलं, ज्यातून पुढे सॉ जिन आलं, ते कापूस चांगला निघावा म्हणून नव्हे, आखूड तंतूचा आणि सरकीला घट्ट चिकटणारा अपलँड कापूस हातानं सोलणं परवडेना म्हणून. त्या मशीननं अमेरिकेचं कापसाचं क्षेत्र भराभर वाढवलं, आणि त्याबरोबर गुलामांची संख्याही. किनाऱ्यावरचा लांब धाग्याचा सी आयलंड कापूस मात्र रोलरवरच राहिला. 1840 च्या सुमारास कंपनी सरकारनं अमेरिकन जाणकार आणून इथं सॉ जिन रुजवायचा खटाटोप केला. तो धारवाड भागात, परक्या अमेरिकन जातीच्या कापसावर जमला. ‘सॉ-जिन्ड धारवाड’ हा बाजारातला वेगळा मालच झाला. देशी कापसावर ते करवती दात काही बसले नाहीत. आखूड तंतूला करवत लावली तर उरणार काय?

आणि भेसळीची तक्रार? ती तर आपल्या पणजोबांच्याही आधीची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस घ्यावा लागला, तेव्हा तिथले विणकर त्याच्या ‘सुरत’ या नावानंच नाक मुरडत. मुंबई सरकारनं 1863 मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा केला, तपासनीस नेमले, शिक्षा ठेवल्या. पुढे तो रद्दही झाला. कापूस मात्र ज्या कारणानं भेसळीचा होत होता ते कारण जागच्या जागी राहिलं: भाव चढले की खरेदीदार वजनावर वाट्टेल ते उचलत होता. 1925 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जिनिंग-प्रेसिंगचा कायदा आला, गाठीवर कारखान्याची खूण सक्तीची झाली. म्हणजे गाठ कुणी बांधली ते कळू लागलं. आत कुणाचा कापूस, कोणत्या वेचणीचा, ते तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

जिनिंगवाल्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण पुढारी त्यांना सरसकट चोर ठरवून मोकळे होतात. फेब्रुवारी 2000 मध्ये कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. त्याच्या चौथ्या उपमिशनात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं. त्याआधीची जिनिंग ज्यांनी पाहिलीय त्यांना फरक ठाऊक आहे: मातीवर पडलेले ढीग, त्यात फिरणारी कुत्री, टोपल्यांतून कापूस वाहणाऱ्या बाया, धुळीनं पांढरे झालेले पत्रे. आज काँक्रीटचे ओटे आहेत, कापूस हवेच्या पाइपातून जातो, आधी सफाई यंत्रातून निघतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं क्रोम चामड्याच्या रोलरला रबर आणि सुती कापडाच्या रोलरचा पर्याय दिला, कारण झिजलेल्या चामड्यातलं क्रोमियम रुईत उतरत होतं. म्हणजे मशीन सुधारलं, बरंच सुधारलं. मग पंचवीस वर्षांनंतरही तीच तक्रार का? माझ्या मते याच प्रश्नापाशी ‘मशीन बदला’ हा पक्ष हरतो. मशीन बदलून झालंय.

शेतकऱ्याच्या बाजूचे दोषही लपवण्यात अर्थ नाही. पाणी मारतात का? मारतात. माझ्या चुलत्यांनी मारलेलं मी पाहिलंय, आणि मीच बादली धरली होती. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलावा प्रमाण धरतात, 12 पर्यंत कपात करून घेतात, त्यापुढे परत. पण खासगी व्यापाऱ्याकडे खडखडीत वाळलेल्या कापसाला कुणी चार पैसे जास्त देत नाही. मग वाळवण्यात गेलेलं वजन कुणाच्या नावावर टाकायचं? कवडी मिसळतात का? मिसळतात, कारण वेगळी नेली तर मातीमोल जाते. दिवाळीच्या आगेमागे वेचलेला पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा भरदार कापूस आणि माघातला बोंडअळीनं किडलेला फरदडीचा (हंगाम संपल्यावरही रानात ठेवलेल्या पिकाचा) कापूस एकाच खोलीत, एकाच ढिगात पडतात. त्या ढिगाशेजारी घरातली माणसं झोपतात, अंगभर खाज सुटते, तरी भाव वाढेल म्हणून थांबतात. खताच्या रिकाम्या पोत्यांत कापूस भरतात. त्या पोत्याचा पांढरा प्लास्टिकचा धागा रुईत मिसळला की डोळ्यांना दिसत नाही, रंग घेत नाही, आणि शेवटी कापडाच्या ठाण्यावर रेघ होऊन उमटतो. तो दोष कोणत्याही जिनमध्ये जन्मलेला नाही. हातवेचणीचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हे आधी मान्य करावं. हातानं वेचलेला कापूस पानकाडीच्या दृष्टीनं यंत्रानं वेचलेल्यापेक्षा स्वच्छ असतो, हे खरं. पण त्यात केस, सुतळी आणि पोत्याचे धागे हातानंच येतात.

हे सगळं मान्य करून मी पुन्हा पैशाकडे येतो, कारण पडतळ, म्हणजे जमाखर्चाचा हिशेब, मांडली की कोण असं का वागतो ते उघडं पडतं. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी, किलो-दोन किलो घट. म्हणजे 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस. रुईचा भाव 356 किलोच्या खंडीवर चालतो. खंडी 54 हजार धरली तर रुई किलोला दीडशेच्या आसपास पडते. आता उताऱ्यात, म्हणजे निघणाऱ्या रुईच्या प्रमाणात, एक टक्का वाढ झाली, 34 चे 35 किलो निघाले, तर जिनवाल्याला क्विंटलमागे किलोभर रुई जास्त. ती लगेच दिसते, काट्यावर दिसते. म्हणून पातं थोडं अधिक कसलं जातं, सरकीवरचा शेवटचा तंतूही ओरबाडला जातो, दोन-चार सरक्या फुटल्या तर फुटल्या. याउलट रोलर वेळेवर खाचून, ओलावा सांभाळून, वेचण्या वेगळ्या ठेवून एक मिलिमीटर वाचवला तर? तो मिलिमीटर गाठीच्या तपासणी अहवालात कदाचित दिसेल, जर गिरणी अहवालावर घेत असेल, जर त्या दिवशी बाजार तेज असेल. उतारा रोख आहे, लांबी उधार. यात कुणाचं चुकतंय?

सगळ्यात गमतीची गोष्ट हमीभावाची. आपल्याला वाटतं हमीभाव क्विंटलला असतो. 2025-26 साठी मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये जाहीर झाले, हे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तो लांब धाग्याचा मूळ दर 29.5 ते 30.5 मिलिमीटर लांबी आणि 3.5 ते 4.3 मायक्रोनेअर (तंतूच्या तलमपणाचं माप) असलेल्या कापसाचा आहे, हे किती जणांना ठाऊक? म्हणजे सरकारच्या कागदावर भाव धाग्यालाच आहे. बाजारात मात्र ट्रॉलीत खुपसतात तो ओलाव्याचा मीटर. ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, दाबतो, सोडतो, भाव सांगतो. त्याच्या नजरेबद्दल मला आदर आहे. तीस वर्षं कापूस पाहिलेल्या माणसाचा अंदाज फारसा चुकत नाही. पण त्याच्या अंदाजाची कुठं नोंद होत नाही, त्याला जाब विचारता येत नाही, आणि शेतकऱ्याच्या हाती पडतो तो फक्त आकडा. 1972 पासून तीनेक दशकं राज्य सरकारची एकाधिकार खरेदी होती, तेव्हाही प्रतवारी नजरेनंच होती आणि सगळा माल शेवटी एकाच मोठ्या ढिगात जात होता.

प्रतीचे पैसे देण्याच्या दोन वाटा मराठवाड्याला घरच्याच आहेत: एक उसाची, एक दुधाची. उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो, 10.25 टक्क्यांच्या पायावर. पण उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरीनं धरतात. ज्यानं पक्व ऊस घातला आणि ज्यानं कोवळा घातला, दोघांनाही एकच दर. परिणाम काय? उसाच्या प्रतीबद्दल बोलताना मी कुठल्या शेतकऱ्याला ऐकलेलं नाही. सगळे टनाबद्दल बोलतात. दुसरीकडे गावातली दूध डेअरी. दूध लिटरवर घेत होते तेव्हा पाणी घालणं हा जवळजवळ शिष्टाचार होता. फॅट मोजायला लागले, पावतीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) छापून यायला लागलं, आणि ज्या म्हातारीला सही करता येत नव्हती तिला ‘आज फॅट का घसरला’ हे विचारता यायला लागलं. पाणी संपलं असं मी म्हणणार नाही. पण वाद पाण्यावरून फॅटवर आला. कापसाचा वाद अजून पाण्यावरच आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप: शेतकरी दोन-चार क्विंटल आणतो, प्रत्येकाचा धागा कसा तपासणार? आक्षेप वजनदार आहे. तंतूची लांबी, ताकद मोजणारं एचव्हीआय यंत्र एक नमुना मिनिटाभरात तपासतं, पण त्याला रुई लागते, आणि ती रुई ठरावीक तापमानाच्या व आर्द्रतेच्या खोलीत आधी काही तास मुरवावी लागते. ट्रॉली रांगेत उभी असताना हे होणार नाही. पण दुधाचे पैसे तरी कुठं त्याच सकाळी मिळतात? मूळ रक्कम लगेच, लांबीचा फरक नंतरच्या बिलात, असं करता येतं. नमुन्यापुरती सरकी काढणारी छोटी प्रयोगशाळेची जिन आहेत. प्रत्येक शेतकऱ्याचा नको, एका गावच्या एकाच वाणाच्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा ढीग वेगळा ठेवा, त्याच्याच गाठी सलग बांधा, त्या गाठींचा अहवाल त्या गावाला द्या. अमेरिकेचं मशीन उचलायची घाई असलेल्यांनी हे उचलावं: तिथं जवळजवळ प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो आणि गाठीला कायमचा क्रमांक असतो. आपल्या केंद्रानं 2023 मध्ये गाठींच्या गुणवत्तेचा सक्तीचा आदेश काढला आणि मग त्याची अंमलबजावणी पुढे-पुढे ढकलली. ‘कस्तुरी’ नावाचा ब्रँड आणला, त्यात गाठीचा माग काढता येतो. पण तो माग जिनपासून पुढे गिरणीकडे जातो, मागे वावराकडे येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. मराठवाड्याचा कापूस बहुतेक कोरडवाहू. बोंडं भरताना पाऊस दडी मारून बसला तर तंतू आखूड राहतो, कच्चा राहतो. त्यात शेतकऱ्याचा दोष काय? लांबीवर पैसे द्यायला लागलो तर ठिबकवाल्याला बक्षीस आणि माळरानावरच्याला शिक्षा, असं नाही का होणार? काही अंशी होईल. म्हणूनच आज जो दर मिळतो तो तळ म्हणून कायम राहावा आणि लांबीचा मोबदला त्यावर असावा. तो नवा पैसा आणायचा नाहीये. गिरणी चांगल्या अहवालाच्या गाठीला आजही जादा मोजते, फक्त तो पैसा जिनच्या फाटकातून बाहेर पडत नाही. दुष्काळी वर्षात काय, याचं पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. पण आजची पद्धत तरी माळरानावरच्याला काय देते? चांगल्या साली त्यानं पिकवलेला तीस मिलिमीटरचा कापूसही ती शेजारच्या फरदडीत कालवूनच विकते.

गेल्या जानेवारीत चुलत्यांनी पहिली वेचणी खरंच वेगळी ठेवली होती. सुती चादरींत बांधून, मागच्या खोलीत, मधे गोणपाट आडवं लावून. पाणी नाही, कवडी नाही; हट्टच धरला होता त्यांनी. आम्ही ट्रॉली घेऊन जिनिंगला गेलो. काटा झाला, मीटर खुपसला, ओलावा सात. भाव शेजारच्या ट्रॉलीचाच. मग आमचा कापूस त्याच ढिगावर उपसला गेला ज्यावर सकाळपासून तालुक्याचा कापूस पडत होता. दोन मिनिटांत आमचा कुठला ते ओळखू येईना. चुलत्यांनी पावती हातात घेतली, चश्मा लावला. नाव, गाव, गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन, ओलावा, दर, हमाली. त्यांनी ती उलटूनही पाहिली.

‘‘लांबी किती भरली?’’ त्यांनी खिडकीतल्या पोराला विचारलं.

पोरगं गोंधळलं. ‘‘कशाची, काका? ट्रॉलीची?’’